निघण्याआधी

पौष सरत आला की वडखळच्या खारेपाटावर उजेड उशिरा चढतो. धुकं आधी खाडीवर असतं, मग बांध ओलांडून आत येतं, भात कापून मोकळ्या पडलेल्या शेतांत थबकून राहतं, आणि त्या पांढऱ्या निश्चल विस्तारातून आधी तिवरांचे शेंडे, मग एखाद्या उघाडीचा दगडी माथा, मग डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या असं एकेक वर येत राहतं. महामार्गाला या धुक्याची फुरसत नसते. मुंबईकडून आलेली गाडी वडखळला येते, उजवीकडे अलिबागला वळते, नाही तर सरळ नागोठणे-महाडवरून गोव्याच्या दिशेने निघून जाते. कुणी पोह्याचे पापड घ्यायला उतरतं, कुणी चहाला, फाल्गुनाच्या आसपास कुणी पांढऱ्या कांद्याच्या माळेसाठी. उतरणाऱ्याचं लक्ष मात्र पुढच्या गावाकडे असतं. आमचं गाव साऱ्या कोकणाच्या ओठांवर आहे ते फाटा म्हणून.

मला इथून पायी निघायचं आहे.

ही ओढ नेमकी कधी रुजली ते सांगता येत नाही. लहानपणी आईबरोबर एसटीने अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागायचा. पुलावर गाडी चढली की खिडकीतून एक वास आत यायचा. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळाचा, शेवाळाचा, मिठाचा आणि कुठल्या तरी होडीच्या जुन्या लाकडाचा मिळून झालेला तो वास पूल संपेपर्यंत सोबत असायचा आणि पोयनाडच्या झाडीत शिरलं की हरवून जायचा. पुन्हा परतीच्या वाटेवर तो भेटायचा, संध्याकाळचा, थोडा गार, थोडा अधिक खारट. इतक्या वर्षांत त्या वासाजवळून मी नेहमी वेगानेच गेले. तो कुठून सुरू होतो, कुठे दाट होतो, किनाऱ्याकडे जाताना त्याचं काय होतं, डोंगर चढू लागल्यावर तो कोणत्या वळणावर आपली साथ सोडतो, हे खिडकीतून कळत नाही. त्यासाठी पायच लागतात.

म्हणून एका दुपारी ओटीवर नकाशा पसरला. सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. उन्हाचा एक चौकोन कागदावर पडला होता आणि तो सरकत सरकत खाडीवरून डोंगराकडे जात होता. मी पेन्सिलीने वाट आखत गेले. वडखळहून धरमतर, पोयनाड, कार्लेखिंड उतरून अलिबाग. मग समुद्र उजव्या हाताला धरून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. खाडी ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव. तिथून समुद्राकडे पाठ करायची आणि फणसाडच्या जंगलाच्या कडेने डोंगर चढायचा. पलीकडे रोहा, मग भिसे खिंड, नागोठणे, आणि पुन्हा वडखळ. अर्धी वाट वाळूची, अर्धी पाचोळ्याची.

रेघ मिटून वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. या वाटेवर दोन नद्या आहेत, आणि दोन्ही दोनदा ओलांडाव्या लागतात. आंबा पहिल्यांदा भेटते ती धरमतरला, जिथे तिची नदी म्हणून ओळख जवळपास पुसली गेली आहे, रुंद, गढूळ, पडावांची आणि बार्जची खाडी झाली आहे. आणि शेवटी भेटते ती नागोठण्याला, जिथे एके काळी भरतीच्या पाण्यावर बसून गलबतं येत आणि जिथे १५८० च्या सुमारास चौलच्या एका काझीने बांधलेला दगडी पूल आहे. कुंडलिकाही तशीच. रेवदंड्याला ती समुद्राच्या कुशीत शिरताना दिसते. मग आपण जंगलातून फिरून रोह्याला उतरतो तर ती पुन्हा समोर, या काठाला रोहा, त्या काठाला अष्टमी, मध्ये ती. सह्याद्रीतून निघालेल्या या दोघींना आधी त्यांच्या शेवटाशी भेटायचं आणि नंतर त्यांच्या वाटेत. एखाद्या माणसाची ओळख म्हातारपणी व्हावी आणि मग कुणीतरी त्याचे तरुणपणचे दिवस आपल्याला दाखवावेत, तसं.

त्या दिवसापासून तयारी हा माझ्यासाठी सामान गोळा करण्याचा उद्योग राहिला नाही.

कागदावरची वाट स्थिर असते. किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा नव्याने मिळते. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. पाणी उतरलं की किल्ला जमिनीचा, पाणी भरलं की समुद्राचा. माझ्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं कोष्टक आहे, अगदी मिनिटासकट. तरीही मी कोळीवाड्यात गेले, कारण पावलांना मिनिटांपेक्षा वेगळं काही तरी हवं असतं. एक मावशी अंगणात जवळा सुकत घालत बसल्या होत्या. गुलाबी-पांढऱ्या जवळ्याचा थर त्या तळव्याने इतक्या हलकेच पसरत होत्या की वाटावं, खाली कुणी निजलेलं आहे. मी विचारलं, आक्षीच्या बाजूने सकाळी चालायचं तर पाणी कधी उतरेल?

"तिथी कंची?" त्यांनी हात न थांबवता विचारलं.

मी म्हटलं, चतुर्थी धरू.

जवळा लागलेला अंगठा एकेका पेरावरून फिरला. "चौथीला तीनला भरंल. सकाळचे नवाला उतरलेला."

तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढच्या-मागच्या सहा तासांवर ओहोटी. हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर शाळेच्याही आधी शिकतात. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा येतो, त्याच्यामागून पाणीही तितकंच उशिरा येतं, आणि माणसाने आपली होडी, आपलं जाळं, आपली झोपसुद्धा त्या उशिरावर बसवलेली असते. पुनवेला आणि अवसेला उधाण. पाणी दूर जातं आणि तितकंच आत येतं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी मरगळलेलं, ना धड जात ना धड येत. वाळूवरून चालणाऱ्याला पुनवेनंतरचे चार-सहा दिवस बरे, सकाळी ओला घट्ट किनारा मिळतो. मावशींनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "खाडीच्या तोंडाला थांबायचा नाय, बाय. पानी जाताना दिसतंय. येताना नाय दिसत."

कोष्टकात हे वाक्य नव्हतं.

घरी परतताना ते मनात वाजत राहिलं. जाणारं पाणी सगळ्यांना दिसतं, कारण ते मागे काही तरी उघडं करून जातं. शिंपले, खेकड्यांची बिळं, गाळात उड्या मारणारे निवटे, बुडालेल्या खुंट्या. येणारं पाणी ते सारं झाकत येतं. गालिचा अंथरावा तशी त्याची पातळ कड पुढे सरकते, मधला खोलगट भाग आधी भरून काढते, आणि आपण अजून कोरड्यावर आहोत अशा समजुतीत असताना परतीची पट्टी पाण्याखाली गेलेली असते. मला वाटलं, या वाटेचं खरं ज्ञान अशाच एकेका वाक्यात ठेवलेलं आहे, आणि ते कुठे एकत्र लिहिलेलं नाही. किनाऱ्याचं या मावशींपाशी, बांधाचं आगऱ्यांपाशी, रानाचं कातकऱ्यांपाशी. वाट म्हणजे त्यांच्या अंगणांची एक माळ आहे आणि निघण्याआधी त्या अंगणांत जाऊन उभं राहिलं पाहिजे. जो विचारून निघतो त्याची अर्धी वाट घरी असतानाच चालून होते, असं आता मला मनापासून वाटतं.

पायांना सवय व्हावी म्हणून मी पहाटे बांधावर जाऊ लागले. पेण-अलिबागचा खारेपाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांना कसं सांगावं? ही जमीन समुद्राने दिलेली नाही, माणसांनी त्याच्याकडून मागून घेतलेली आहे. पिढ्यान्पिढ्या आगरी माणसांनी चिखलाचे पेंड एकावर एक रचून बांध घातले, आतली जमीन पावसाच्या पाण्याने धुऊन धुऊन गोडी केली, तिच्यात भात पिकवलं. बांधात उघाड्या ठेवल्या. ओहोटीला आतलं पाणी उघाडीच्या झडपेतून बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच झडप बंद होते. कधी उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली की सारा गाव टोपल्या, फावडी, पेंढा घेऊन अंधारात धावायचा, कारण खारं पाणी शेतात एकदा बसलं की पुढची काही वर्षं तिथे पीक उभं राहत नाही. या बांधावर चालताना पाऊल आपोआप जपून पडतं. रुंदी जेमतेम दोन पावलांची. एका हाताला खाडी, एका हाताला शेत. दोघांच्या मधली ती उंच केलेली मातीची ओळ, रात्रीच्या दवाने मऊ झालेली, आणि तिच्यावर आपल्या आधी गेलेल्या कुणाच्या तरी अनवाणी पावलांचे ठसे, टाचेपेक्षा बोटं खोल रुतलेली.

त्या ठशांवरून मी चालायला शिकले. शहरात आपण टाच आपटत चालतो. चिखलावर बोटं आधी बोलतात.

एका सकाळी समोरून एक वयस्क काका डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होते. बांधावर दोघांना जागा नाही. मी खाली उतरू लागले तर तेच सहज, भारा न हलवता, शेताच्या बाजूला एक पाऊल उतरले आणि मला वाट दिली. चाललीस कुठं, म्हणून विचारलं. मी सगळी वाट सांगितली. धरमतर, अलिबाग, रेवदंडा, फणसाड, रोहा. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "चरीवरून जाशील तर जरा थांब." पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. पोयनाडपलीकडच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं होतं. सहा पावसाळे शेतं पडीक राहिली. माणसांनी जंगलातली लाकडं विकली, खाडीतली मासळी विकली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. तेव्हा माझ्या यादीत चरीपुढे काही नव्हतं. आता तिथे एक फुली आहे. थांबायचं आहे.

सामान मात्र कमी होत गेलं. सॅक पहिल्यांदा भरली तेव्हा ती माझ्या भीतीने भरलेली होती. थंडी वाजली तर, पाय मुरगळला तर, भूक लागली तर, पाऊस आला तर. मग एकेक रात्री मी एकेक वस्तू बाहेर काढत गेले आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक भीतीही बाहेर पडत गेली. राहिलं ते इतकं: दोन पाण्याच्या बाटल्या, गूळ-शेंगदाणे, थोडं सुकं खोबरं, कपड्याचा एक जोड, टॉर्च, पायांच्या फोडांसाठी सुई-दोरा आणि पट्ट्या, खोबरेल, शिट्टी, आणि बुटांबरोबर वाळूसाठी साध्या चपला. आईने जुन्या सुती लुगड्याची चौघडी दिली. इतकी मऊ झालेली की घडी घातली तर तळहातात मावते. तिला अजून कपाटातल्या कापराचा आणि आईच्या अंगाचा वास आहे. विकत आणलेली जाड स्लीपिंग बॅग मी परत कपाटात ठेवली.

चैत्रात आमच्याकडचे आगरी-कोळी पालखीबरोबर कार्ल्याच्या एकवीरेला पायी जातात. अनवाणी माणसं, खांद्यावर बाळं, हातात झेंडे, ढोल, घाट चढताना आईचा जयजयकार. त्यांना तयारीची वेगळी यादी करावी लागत नाही. वर्षभर मनात ठेवलेली मागणी हेच त्यांचं सामान असतं. आणि याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेला एक मुलगा पुढे १९५१ पासून तेरा वर्षं देश पायाखाली घालत राहिला, गावोगाव जमीन मागत. विनोबांच्या त्या चालण्यापुढे माझं वर्तुळ किती लहान. पण ज्या मातीत ते पहिलं पाऊल टाकायला शिकले ती माझ्या घरापासून जवळच आहे, हे आठवलं की सॅकचा पट्टा खांद्यावर अधिक सरळ बसतो.

होकायंत्र घ्यावं की नाही यावर मी बराच विचार केला. समुद्र उजव्या हाताला आहे तोवर दिशा चुकणार नाही, पण जंगलात उजवं-डावं एकच होतं. शेवटी जुनं पितळी होकायंत्र घासूनपुसून घेतलं. सुई थरथरली, फिरली, थांबली. आणि मला आठवलं की ज्या अलिबागला मी जाणार आहे तिथेच या थरथरीची नोंद शंभराहून अधिक वर्षं होते आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. विजेच्या ट्राम धावणार म्हटल्यावर सुईला त्या विजेची बाधा होईल म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला आणली, आणि तिथली इमारत लोखंड न वापरता बांधली. एका सुईला शांतता मिळावी म्हणून साऱ्या वेधशाळेने समुद्र ओलांडला. वाटेत त्या फाटकासमोर मी उभी राहणार आहे, खिशातली सुई मुठीत धरून.

मग कान तयार करायचे. या वाटेवर बोली किती वेळा बदलते याची मी मनात उजळणी करते. खारेपाटावर आगरी. किनाऱ्यावर कोळी. चौल-रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून, हिरव्या पाण्याच्या पोखरणींच्या कडेने जाताना ब्राह्मणी, भंडारी, माळी घरांतली मराठी, आणि रेवदंड्यातलं जुनं सिनेगॉग, जिथल्या ज्यूंच्या प्रार्थना हिब्रूत आणि घरातलं बोलणं मराठीत चालत आलं. खाडीपलीकडे कोर्लईला, किल्ल्याच्या पायथ्याशी, ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली एक बोली अजून जिवंत आहे. किल्ला बांधणारे गेले, राज्य गेलं, शब्द राहिले. मुरूडच्या बाजूला कोकणी मुसलमानांची लयदार भाषा. आणि डोंगर चढू लागलं की कातकरी. गाडीने हे अंतर काही तासांचं. पायी गेलं की एक बोली मावळताना आणि दुसरी उगवताना मध्ये जो संधिप्रकाश असतो, तो ऐकू येतो, असं मला वाटतं. त्यासाठी वाटेत गाणी ऐकायची नाहीत हे ठरवलं आहे.

चौलचं नाव आलं की अफनासी निकितिन आठवल्याशिवाय राहत नाही. पंधराव्या शतकातला हा रशियन व्यापारी, वाटेत लुटला गेलेला, घरापासून फार दूर आलेला, होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. चौलहून पालीला पोचायला त्याला आठ दिवस लागले आणि मग डोंगर चढून तो जुन्नरला गेला, तिथे पावसाने त्याला अडवून ठेवलं. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या त्याच्या टिपणांत हे सारं आहे. रात्री नकाशा गुंडाळून ठेवताना मी त्याचा विचार करते. त्याच्यापाशी टोपोशीट नव्हता, तिथीचा हिशेब सांगणारी मावशी नव्हती, भाषाही नव्हती. आठ दिवस त्याने काय ऐकलं असेल? तिवरांतले बगळे, सुपारीच्या झावळ्यांची सळसळ, आपल्याकडे बोट दाखवणारी पोरं, आणि रात्री त्या घोड्याचा श्वास. त्याच किनाऱ्याच्या वाळूवर मी पाऊल ठेवणार आहे, एवढ्यानेच ती वाळू मला ओळखीची वाटू लागली आहे.

जंगलाचं मात्र वेगळं आहे. समुद्र स्वतःहून बोलतो. जंगल आपल्याला आधी गप्प करतं.

फणसाडची दाट झाडी एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं राखीव रान होती. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. तिथे मनाला येईल तिथून शिरता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, सोबत माहितगार वाटाड्या लागतो, आणि ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. आपण जिथे पाहुणे आहोत तिथे दार वाजवूनच जावं. सुपेगावच्या बाजूला मी एका कातकरी दादांना भेटले. जंगलात पाणी कुठे, एवढंच मला विचारायचं होतं. ते उत्तर द्यायच्या आधी उठले आणि चालू लागले. मी मागे. अंजनीच्या दाट, काळोख्या झाडीतून वाट खाली उतरली. हवा एकदम बदलली, गार झाली, ओल्या दगडाचा आणि कुजक्या पानांचा वास आला. हातभर जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलेली, पुरुषभर उंचीवर तिची वळणं. आणि पुढे गाण. जंगलातल्या अशा पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात. काळ्या दगडांमधलं जेमतेम खोलीएवढं पाणी, वर झाडांचं छत, आणि छतातून सुटलेला उन्हाचा एकच कवडसा पाण्यावर हलत असलेला. काठाच्या चिखलात सांबराचे खूर उमटले होते, ताजे, त्यांच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. दादांनी ओंजळ भरली, आधी थोडं पाणी बाजूच्या दगडावर सोडलं, मग प्यायले.

वर कुठे तरी शेकरूचा कडकडाट झाला. आम्ही दोघांनी माना वर केल्या. तांबूस, झुपकेदार शेपूट एका फांदीवरून दुसरीवर ओघळली आणि पानांत मिसळून गेली.

"माघात ये," दादा म्हणाले. "तेव्हा पाणी असतंय. चैतात जनावरांना पुरत नाय, तू कुठं पिशील?"

त्या एका प्रश्नाने माझा महिना ठरला. सांबराची तहान आणि माझी तहान एकाच ओंजळीतून भागणार असेल तर मी वेळेत जाऊन वेळेत निघालं पाहिजे.

ते आणखीही बरंच बोलले. पाचोळ्यावर पाय टाकण्याआधी काठी आपटायची. फुरसं लहान असतं, मातीच्याच रंगाचं असतं आणि सरत नाही. बसण्याआधी दगड बघायचा. सकाळी बूट घालण्याआधी झटकायचे, आत विंचू असतो. विंचवाचं नाव निघालं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि ते जीव वाचू लागले. ज्या वाटेवर आज मी निर्धास्त झोपणार आहे ती अशी कुणाकुणाच्या जागरणाने सुरक्षित झालेली आहे. नकाशावर मी वाटेतल्या सरकारी दवाखान्यांवर लाल ठिपके केले. घरच्यांनाही एक नकाशा दिला, रोजचा मुक्काम लिहून.

आता रात्री झोप थोडी उथळ झाली आहे. मध्येच जाग येते. दूर महामार्गावर ट्रकचे गिअर बदलल्याचा आवाज, कारखान्याचा क्षितिजावरचा नारिंगी उजेड, आणि खाडीकडून येणारा एक अस्पष्ट, सततचा स्वर, जो पाण्याचा आहे की वाऱ्याचा हे मला आजवर कळलेलं नाही. पायांना बांधाची माती आठवत असते. खांद्यांना सॅकचा भार. कुठल्या तरी खोल जागी ते वर्तुळ हळूहळू फिरत असतं. खारं पाणी, वाळू, सुरूची बनं, काळा दगड, अंजनीची सावली, पुन्हा खारं पाणी. भीती आहे. ती जावी असं आता वाटत नाही. एकटीने एवढं चालायचं म्हणजे थोडी भीती सोबतीला असलेली बरी. ती कान उघडे ठेवते, पाऊल हलकं ठेवते, संध्याकाळी वेळेवर थांबायला लावते.

पंचांग काढून दिवस धरला आहे. माघ वद्य तृतीयेला पहाटे वडखळहून निघायचं, धरमतरचा पूल ऊन चढायच्या आत ओलांडायचा, चरीला थांबायचं. संकष्टीला चंद्र उगवण्याआधी अलिबाग गाठायचं. चंद्र नऊ-साडेनऊला दिसेल, तो बघून उपास सोडायचा. पंचमीला पाच तिथीची पाऊणपट, म्हणजे दुपारी पावणेचारला पूर्ण भरती आणि सकाळी पावणेदहाच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. सातलाच कूच करायचं. आक्षीच्या खाडीला पुलावरून वळसा घ्यायचा, तोंडाशी उतरायचं नाही.

तुम्हीही या वाटेने कधी निघालात तर आधी कोळीवाड्यात जा आणि तिथी सांगून पाण्याची वेळ विचारा. फणसाडला जाल तर चैत्राच्या आत जा, परवानगी काढून, वाटाड्या घेऊन, आणि पिण्याचं पाणी गावातूनच भरून न्या. गाण जनावरांसाठी राहू द्या.